डावरी राणी

“आरं भाऊसो, पडदा कोरडा ठाक पडलाय! मागं बायका काय अंधारात बसवायच्या व्हय?”

मालक तंबूच्या दारातून ओरडले तसा भाऊसोनं पिंपात डबा बुडवला आणि पडद्यावर पाणी मारायला सुरुवात केली. दिवस मावळत होता. उंब्रजच्या बाजारतळावर गाड्या सुटू लागल्या होत्या, बैलांपुढं वैरण पडत होती आणि शेंगावाल्यानं आपली चिमणी पेटवली होती. विजेचं इंजिन अजून सुरू व्हायचं होतं.

तंबूतल्या सिनेमाच्या खेळाची तऱ्हा तेव्हा वेगळी असे. पडदा एका टोकाला नसायचा, तंबूच्या मधोमध टांगलेला असायचा. पुढं पुरुष, मागं बायका. यंत्राचा उजेड पुरुषांच्या डोक्यांवरून पडद्यावर पडे आणि कापड चिंब भिजलेलं असलं की तेच चित्र आरपार उमटून पलीकडं बायकांनाही दिसे. फक्त उलटं दिसे, आरशात दिसतं तसं. डावीकडचं उजवीकडं आणि उजवीकडचं डावीकडं. नावाच्या पाट्याही उलट्या यायच्या, पण मागं त्या वाचणारी होती कोण? राजवाडा डाव्या हाताला असला काय नि उजव्या हाताला असला काय, बायकांचं काही अडत नव्हतं. राजा रागावला की कळत होतं, राणी रडली की कळत होतं. आणखी काय पाहिजे?

पडदा भिजवणं हे भाऊसोचं काम. तसा तो जवळच्याच वाडीचा. तरुणपणी पलटणीत गेला, तिथं खेचरांच्या मागं कुठकुठल्या मुलखात हिंडला आणि लढाई संपायच्या आधीच एका घसरड्या डोंगरावर गुडघा मोडून घेऊन घरी आला. शौर्याची गोष्ट सांग म्हटलं तर तो खेचरांची नावं सांगायचा. नांगराला आता पाय टिकत नव्हता. दिवाळी झाली की सांगलीच्या मालकांचा तंबू उंब्रजला उतरायचा आणि भाऊसोला काम मिळायचं. दिवसा बैलगाडीला रंगीत फळ्या बांधून, हलगीवाला शेजारी बसवून गावोगाव ओरडत फिरायचं. संध्याकाळी पडदा भिजवायचा. खेळ सुरू झाला की बायकांच्या दाराशी बसायचं. गडी गरीब आहे, मान वर करून बघत नाही, म्हणून ते दार त्याच्याकडं. सगळ्या मुलखाला ‘बघायला चला’ म्हणून सांगणारा हा माणूस स्वतः मात्र दारात पाठ करून बसायचा.

त्या संध्याकाळी बायकांची पहिली गाडी आली ती शेजारच्या गावची. गाडीतून आधी उतरली शालूबाई. भाऊसोनं तिला बघितलं आणि पटक्याचा शेव तोंडावरून ओढून घेतला. लपायला त्यानं काही चोरी केली नव्हती. पण ज्या घरानं लेकीला नाकारलं, त्या घरातल्या माणसाच्या नजरेला नजर द्यायची म्हणजे बापाला जड जातंच.

झालं होतं ते असं. भाऊसोला एकच लेक, चंद्रा. नाकीडोळी नीटस, अंगापिंडानं भरलेली, कामाला वाघीण. पण डावरी. लहान असताना तिची आई रंगूबाई जेवताना तिचा डावा हात चिंधीनं कमरेला बांधून ठेवायची. भाऊसो रजेवर आला आणि ते बघून त्याच्या घशाखाली घास उतरेना. रंगूबाई पाणी आणायला गेली की तो चिंधी सोडायचा आणि ती यायच्या आत परत बांधायचा. रजा संपेपर्यंत बापलेकीचा हाच खेळ. शेवटी रंगूबाईनंच कंटाळून चिंधी चुलीत घातली. पुढं पोर शेतात जायला लागली, तर नेहमीचा विळा तिच्या हातात बसेना. दात उलट्या अंगाला पडायचे. भाऊसोनं लोहाराच्या मागं लागून उलट्या दातांचा विळा करून घेतला. लोहार हसला, पण त्यानं करून दिला. तो विळा हातात आला आणि चंद्रा भल्याभल्यांना मागं टाकायला लागली. बायका तिला रांगेच्या टोकाला ठेवायच्या, नाहीतर विळ्याला विळा लागायचा.

शेत कापताना कोण डावं-उजवं बघतं? लग्न ठरवताना बघतात. गेल्या संक्रांतीनंतर शालूबाई आपल्या आकारामसाठी मुलगी बघायला आली होती. आकाराम पलटणीतून सुटून आलेला, शांत, उंचापुरा. बरोबर भावकीतल्या बायका आणि थोरली जाऊ बयाबाई. सगळं चांगलं चाललं होतं. मग कुणीतरी म्हणालं, पोरीला कुंकू लावू द्या सगळ्यांना. रंगूबाईनं चार दिवस घोकून घेतलं होतं, उजवा हात, उजवा हात. पण पोर घाबरली आणि घाबरल्यावर जो हात पुढं जायचा तोच गेला.

“आगं बया! डावरी हाय ही!” बयाबाई कपाळ मागं घेत म्हणाली.

शालूबाई थोडा वेळ चंद्राच्या हाताकडं बघत राहिली. मग उठली, पदर सावरला आणि म्हणाली, “पोरगी चांगली हाय. पर आमच्या घरात हिचं जमायचं न्हाई.” गाडी जुंपली गेली. रंगूबाई त्या दिवशी लेकीला मारायला धावली आणि मधेच तिच्या गळ्यात पडून रडली. तेव्हापासून चंद्रा कमी बोलायची.

तर आता तीच शालूबाई तिकीट धरून दारात उभी होती. उजव्या हातात तिकीट, डावा हात नेहमीसारखा पदराखाली. भाऊसोनं तिकीट फाडलं. ती आत गेली.

खेळ होता ‘सती हेमांगी’. धाकट्या राणीवर सवत आळ घेते, राजा तिला रानात सोडून देतो, तिथं ती आल्यागेल्याला जेवू घालते, आणि शेवटी रानात वाट चुकलेली आंधळी सासू तिच्याच दारात येते. राणी तिच्या डोळ्यांवरून हात फिरवते आणि सासूला दिसायला लागतं. तिथं बायकांच्या बाजूला असा हुंदका उठायचा की इंजिनाचा आवाज ऐकू येत नसे.

मधे रीळ बदलायला खेळ थांबला. कंदील लागले. पडदा सुकायला आला होता म्हणून भाऊसो डबा घेऊन मागच्या बाजूला गेला. पिंपाजवळ शालूबाई उभी होती.

“आवं भाऊसो.”

“बोला.”

“ही राणी डावरी हाय?”

भाऊसोनं डबा पिंपात बुडवला. हा माणूस रोज पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाणी मारायचा. पडदा सुकायला लागला तर यंत्र चालू असतानाही पुढून मागं जायचा. त्याला पक्कं ठाऊक होतं, पुढून बघितलं तर राणी आरती उजव्याच हातानं करते. ‘न्हाई बाई, तुमाला मागनं उलटं दिसतंय,’ एवढं म्हटलं की झालं असतं. ते ओठांवर आलंही. आणि डोळ्यांपुढं आली रांगेच्या टोकाला एकटी कापत जाणारी चंद्रा.

“तुमाला कशी दिसली?” त्यानं विचारलं.

“आरती डाव्या हातानं करती. वाढती डाव्या हातानं.”

“मग... दिसली तशी आसंल,” भाऊसो म्हणाला आणि पाणी मारायला वळला.

शालूबाईनं त्याच्या पाठीकडं जरा वेळ बघितलं. “आसंल,” ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

खोटं तो बोलला नव्हता. पण खरंही बोलला नव्हता, आणि तो असला हिशेब मनात मिटवून टाकणारा माणूस नव्हता. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

आणि मग जे सुरू झालं ते बघून मालकही चक्रावले. सांगलीत या खेळाला कुणी फारसं विचारलं नव्हतं. इथं मात्र दिवसागणिक बायकांच्या गाड्या वाढायला लागल्या. भाऊसोनं घसा फोडून जे जमवलं नसतं ते शालूबाई जमवत होती. नदीवर धुणं धुताना, कासाराच्या ओसरीवर बांगड्या भरताना, बाजारात मिरच्या निवडताना तिचं एकच पालुपद.

“हेमांगी बघितली का? न्हाई? मग काय बघितलंस गं जल्माला येऊन?”

“लय रडवतीया म्हनं.”

“रडायला कोरडा पदर घिऊन जा. आणि राणीचा हात बघ. डावरी हाय राणी! त्याच हातानं सासूला डोळं दिलं तिनं.”

नुसतं सांगून ती थांबली नाही. स्वतःची गाडी दिली, स्वतः शेंगा भाजून बरोबर दिल्या. भावकीतली एकेक बाई तिनं तंबूत आणून बसवली. जी आज बघून जाई ती उद्या दुसरीला पाठवी. “बघितल्याबिगर बोलू नगंस माझ्यासंगं,” असं बहिणी बहिणींना सांगायला लागल्या. कुणाच्या घरी पाहुणी आली की जेवणाआधी तंबू. म्हसवडचा मुक्काम ठरलेला होता, तो मालकांनी पुढं ढकलला.

घराघरांत मात्र भांडणं लागली. नवरा-बायको एकाच गाडीतून खेळाला यायचे, एकाच वेळी बघायचे आणि परत जाताना वाटेत जुंपायची.

“उजव्या हातानं केली की आरती!”

“डोळं फुटल्यात का तुमचं? डाव्या!”

“आगं, मी म्होरं बसलो व्हतो!”

“म्होरं बसून झोपला आसशिला!”

शेवटी पुरुषांनी हार खाल्ली. एक तर भांडून भाकरी मिळत नाही, आणि दुसरं म्हणजे बायका इतक्या ठामपणे बोलायच्या की पुढं बसलेल्यांनाच आपल्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. पडदा मधे आहे, उजेड एका अंगानं येतो, हे कुणी बसून विचारात घेतलंच नाही. भाऊसोला कुणी विचारलं तर तो गुडघा चोळत बसायचा.

एक दिवस रंगूबाईही जाऊन आली. घरी आली ती डोळे सुजवून. चंद्रा चुलीपुढं भाकरी थापत होती, डाव्या हातानं. रोज रंगूबाई तिथं काहीतरी टोचून बोलायची. त्या दिवशी लेकीजवळ बसली आणि म्हणाली, “थाप बाई. झ्याक गोल येत्यात तुझ्या.” चंद्रानं चमकून आईकडं बघितलं.

भाऊसोला राहवेना. लेक गोठ्यात गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगून टाकलं. पडदा, पाणी, उलटं चित्र, शालूबाईचा प्रश्न, आपलं उत्तर.

रंगूबाईनं ऐकून घेतलं. “झालं सांगून?”

“व्हय.”

“मग आता गप बसा. शालूबाईचा निरोप आलाय, परत बोलणी कराय येनार हाय. अक्षता पडस्तवर ह्यातला शबुद जरी तोंडातनं काढला, तर माझ्याशी गाठ हाय.”

“आगं पर फसवणूक हाय ही.”

“कुनाची? राणीची? तिचं काय जातंय? ती काय उंब्रजला येनार हाय इचाराय?”

बायको चिडली की तिच्या बोलण्याला टोक यायचं आणि भाऊसोलाही ते पटायला लागायचं. लेकीचं भलं होतंय, आपण तोंड उघडून तिच्या अन्नात माती का कालवावी? पण मग रात्री कूस बदलताना दुसरंच मनात यायचं. उद्या कुणी शहाणा पडद्यापुढं बसवून शालूबाईला दाखवील, तेव्हा काय? पोर तिच्या घरात असेल. बाप खोटा निघाला म्हणून तिला कोण काय बोलेल, काय करील, आपण तिथं असणार नाही. चिंधी सोडायला तर नक्कीच नसणार.

त्यातच शालूबाईचा आकाराम आला. पडदा भिजवायच्या वेळी आला, दुसरा डबा उचलला आणि पाणी मारायला लागला. पडद्याचं एक अंग भिजून झालं.

“मामा,” शेवटी तो म्हणाला, “मी म्होरनं बघितला खेळ. दोनदा.”

भाऊसोनं डबा खाली ठेवला. “मग?”

“राणी उजव्या हाताची हाय.”

“आईला बोललास?”

“न्हाई.” पोरगा कानापर्यंत लाल झाला होता. “बोलायचं काय काम हाय? मला चंद्रा पसंत हाय. राणी कुठल्या का हाताची असंना.”

पोरगा सोन्यासारखा होता, हे भाऊसोला बरं वाटलं. पण आता मुलाच्या तोंडालाही आपल्यामुळं कुलूप लागलं, आणि तेही त्याच्या आईपुढं, हे काही त्याला सहन होईना. त्यानं त्याच वेळी मनाशी ठरवलं. काय व्हायचं ते होऊ दे.

शालूबाई दोन दिवसांनी सकाळी आली, एकटीच. भावकी नाही, जाऊ नाही, बरोबर नवराही नाही. तो तसा बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. चंद्रा नदीला गेली होती. रंगूबाईनं घोंगडं अंथरलं, गूळपाणी दिलं आणि नवऱ्याकडं डोळे वटारून बघत चहा ठेवायला आत गेली.

“सुपारी फोडायचा दिस धरू म्हनते,” शालूबाई म्हणाली. “आता लय लांबवायचं न्हाई.”

“शालूबाई,” भाऊसो म्हणाला. “त्याच्या आधी येक सांगायचं हाय.”

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. भाऊसोनं तिकडं लक्ष दिलं नाही.

“राणी डावरी न्हाई. पडदा मधी आसतो. आमी म्होरनं बघतो, तुमी मागनं. तुमाला समदं उलटं दिसतं. तुमी इचारलं तवाच मला म्हाईत व्हतं, पर लेकीच्या मायेपायी बोललो न्हाई. आता काय ठरवायचं ते तुमी ठरवा. न्हाई म्हनला तरी माझा राग न्हाई. पर पोरीला खोट्याच्या आधारानं नांदाय धाडायचं माझ्याच्यानं व्हनार न्हाई.”

बोलून झालं. लेकीचं लग्न आपण आत्ताच मोडलं, आता रंगूबाई आपल्याला जन्मभर बोलणार आणि बरोबरच बोलणार, असं त्याला वाटलं.

शालूबाई हसली. आधी नुसती ओठात, मग चांगली मोठ्यानं.

“भाऊसो, तुमी एवढा मुलूख हिंडलासा. येक सांगा. राणीची नथ कुठल्या नाकपुडीत व्हती?”

नथ? नथीचा इथं काय संबंध?

“तुमाला न्हाई म्हाईत. बघा! मला ती उजव्या अंगाला दिसली. पदर बी उजव्या खांद्यावर. आपल्यात कुठली बाई नथ उजवीकडं घालती? पयल्यांदा बघितलं तवाच कळलं मला, समदं उलटं दिसतंय म्हणून. तुमाला इचाराय आले ती राणीसाठी न्हाई. लेकीचा बाप काय बोलतोय ते बघाय आले.”

“आणि त्या गाडीभर बायका?”

“त्या रडत व्हत्या. रडताना नथ कोण बघतंय?” शालूबाई म्हणाली. “आणि कुनी बघितली आसंल तर बोलली न्हाई.”

“मी बघितली व्हती,” आतून रंगूबाईचा आवाज आला.

भाऊसो ताडकन वळला. “आणि मला बोलली न्हाईस?”

“तुमी कुठं इचारलंसा?”

आता दोघी बायका हसत होत्या आणि भाऊसो मधे बसला होता. खरं एकट्यालाच ठाऊक आहे म्हणून इतके दिवस त्यानं उपास काढले होते. त्याला हसावं की रडावं कळेना. पण मग तो पुन्हा गंभीर झाला. “कळलं व्हतं, तर मग सगळ्या मुलखाला का सांगत फिरलासा?”

शालूबाईचं हसू थांबलं. तिनं पदराखालून डावा हात काढला आणि घोंगड्यावर ठेवला. हाताच्या मागच्या बाजूला मनगटापासून बोटांपर्यंत जुना, ताणलेला डाग होता. भाजल्याचा.

“मी बी डावरीच,” ती म्हणाली. “नवी नवरी व्हते. सासूनं उलथनं तापवलं. बयाबाईनं हात धरला माझा. तवापासनं हा हात पदराखाली हाय.” ती डागाकडं बघत राहिली. “त्या दिवशी तुमच्या घरात पोरीचा डावा हात म्होरं आला, आणि बयाबाई माझ्या शेजारी बसलेली. सासू मेली, पर घरात अजून बयाबाईचाच शबुद चालतो. म्हणून म्हनले, आमच्या घरात हिचं जमायचं न्हाई. पोर वंगाळ हाय आसं मी म्हनले नव्हते.”

“न्हाई,” भाऊसो हळूच म्हणाला. “तसं म्हनला नव्हतासा.”

“मग तो खेळ आला. मी म्हनलं, देवीनंच धाडला. समद्या भावकीला दाखवला. बयाबाईला तर मी शेवटाला नेलं, गाव बोलायला लागल्यावर. सासूला डोळं आलं तवा हमसून हमसून रडली माझ्या खांद्यावर. आता तीच दारोदार सांगत फिरतीया, राणी डावरी हाय, डावऱ्या सुनंचा पायगुण चांगला म्हणून. आता ती कुठल्या तोंडानं उलथनं तापवंल? आणि तापवलंच,” शालूबाईचा आवाज एकदम कडक झाला, “तर हात धराय मी न्हाई. मी तिचाच हात धरंन.”

भाऊसोच्या छातीवरचं ओझं इतकं अचानक उतरलं की त्याला बसल्या जागी हलकं वाटायला लागलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पटक्याच्या शेवानं पुसलं आणि लाज न वाटता पुसलं. रंगूबाई चहा घेऊन बाहेर आली होती, तीही कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली होती. मग तिनं चहा ठेवला आणि शालूबाईच्या त्या हातावर आपला हात ठेवला.

“चहा निवतोय,” शालूबाई म्हणाली.

चहा झाला. दिवस धरला. निघताना शालूबाई दाराशी थांबली. वळचणीला चंद्राचा विळा खोचलेला होता. तिनं तो उपसला, दातांवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं.

“ह्याचं दात उलटं हायत.”

“लोहाराकडनं करून घेतलाय,” भाऊसो म्हणाला. “पोरीला दुसरा बसत न्हाई.”

“असला करून मिळतो?” तिनं विचारलं. तिनं विळा डाव्या हातात धरला, मुठीत नीट बसवला, परत सैल केला, परत बसवला. गोठ्यासमोर कडवळाचा भारा पडला होता. शालूबाईनं लुगडं खोचलं आणि नव्या व्याह्याच्या अंगणात सरळ खाली बसली. पहिला घाव नीट बसला नाही. दुसरा बसला. मग हात चालायला लागला आणि कडवळाचे बारीक तुकडे तिच्यापुढं पडायला लागले.

“हात इसरला न्हाई,” ती म्हणाली. दोघांना उद्देशून नव्हे, नुसतंच.

चंद्रा घागर घेऊन दारात आली आणि थबकली. होणारी सासू आपल्या अंगणात, आपल्याच विळ्यानं, डाव्या हातानं वैरण कापतेय. घागर उतरवायचं सोडून ती बघत राहिली. कडेवरून पाणी सांडत होतं.

शालूबाईनं मान वर केली नाही.

“ये गं,” ती म्हणाली. “ह्यो इळा संगं घिऊन येयाचा, इसरू नगंस. आणि ती दुसरी पेंढी हिकडं सार.”